कार्लॉफच्या रक्ताचा हिशोब

बोरिस कार्लॉफ 'आपला' होता, ही बातमी सध्या पुन्हा फिरते आहे. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो सपाट डोक्याचा, जड पापण्यांचा राक्षस साकारणारा नट इंग्रज खरा, पण त्याच्या अंगात भारतीय रक्त होतं आणि त्याच्या आजोळचा धागा थेट आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जाऊन पोचतो. म्हणून हॉलिवूडचा पहिला भारतीय तारा तोच, असा हा दावा आहे. त्याला उत्तर देणारी मंडळीही तेवढ्याच आवेशात बोलतात. ती म्हणतात, हा तर चिनी माणसाचं सोंग घेऊन चिनी लोकांची बदनामी करणारा नट, याचा कसला अभिमान बाळगता? दोन्ही बाजू गेले काही दिवस मी मन लावून वाचल्या. कार्लॉफचं काम मला विशीपासून प्रिय आहे, त्यामुळे वाचताना वाईट वाटत राहिलं. कारण दोघांच्या हातात तराजू एकच आहे. एक म्हणतो, रक्त आपलं म्हणून नट आपला. दुसरा म्हणतो, रक्त चिनी नाही म्हणून नट गुन्हेगार. या माणसाने पडद्यावर आणि पडद्यामागे काय केलं, हे दोघांनाही विचारायचं नाही. माझं म्हणणं साधं आहे. कार्लॉफचा वंश झाकू नये, पण तो त्याच्यावरच्या हक्काचा सातबारा म्हणूनही पुढे करू नये. त्या चेहऱ्याचं हॉलिवूडने काय केलं आणि त्या चेहऱ्याने पुढे काय केलं, हे दोन प्रश्न विचारले तरच त्याच्या कारकिर्दीचा अर्थ लागतो.

आधी वंशाची गोष्ट नीट मांडू, कारण ती खोटी नाही. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातला. नऊ भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील हिंदुस्थानातल्या मीठ-महसूल खात्यात अधिकारी होते. आईची आई एलायझा ही ॲना लिओनोवेन्सची थोरली बहीण. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यातल्या मुलांना शिकवायला गेलेली आणि पुढे नाटका-सिनेमांतून जगभर पोचलेली बाई ती हीच ॲना. तिचा जन्म १८३१चा, अहमदनगरचा. बाप कंपनीच्या फौजेतला साधा सार्जंट. ॲनाच्या आईचे वडील मुंबई फौजेतले अधिकारी होते, आणि त्या आईची आई भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी, असं चरित्रकारांचं अनुमान आहे. ॲनाने हे सगळं आयुष्यभर लपवलं. आपण वेल्समध्ये जन्मलो, बाप कॅप्टन होता, असं ती सांगत राहिली. पुण्यात लग्न केलेल्या या बाईने नगर-पुणे आपल्या चरित्रातून पुसून टाकलं. तिच्या नात्यातल्या या मुलाने पुढे प्रॅट हे आडनाव बाजूला ठेवून कार्लॉफ हे नाव घेतलं आणि आईकडे कुणी रशियन पूर्वज होते असं सांगितलं. कुटुंबात त्या पूर्वजांचा माग कुणालाच लागला नाही.

'आपला' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. हे लपवणं हौसेचं नव्हतं. मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन आपण टास्मानियात जन्मलो असं सांगत लंडन आणि हॉलिवूडमध्ये वावरली, सावळ्या आईला मोलकरीण म्हणून घरात ठेवली, आणि १९३५च्या चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं तेव्हाही तोंडातून शब्द काढू शकली नाही. गोऱ्या आणि बिगरगोऱ्या पात्रांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला हॉलिवूडच्या आचारसंहितेची बंदी होती. खरं सांगितलं असतं तर नायिकेची कामं त्याच दिवशी थांबली असती. जी माणसं भीतीपोटी आपली आई लपवतात, त्यांचं खरं मूळ मागाहून सांगणं हा एक प्रकारचा न्यायच आहे. हे मला पटतं. पण न्याय वेगळा आणि मालकी वेगळी. मर्लच्या आईचं नाव उच्चारणं हा न्याय. मर्लच्या नामांकनावर आपला झेंडा रोवणं ही मालकी.

आणि रक्तावरून मालकी सांगायचीच, तर हिशोब पुरा करायला हवा. विल्यम प्रॅटचा सख्खा भाऊ फ्रेडरिक ग्रेव्हिल प्रॅट हिंदुस्थानच्या सनदी सेवेत होता. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात पीक बुडालं, शेतकऱ्यांनी सारा तहकूब करण्याची मागणी केली, गांधीजी आणि वल्लभभाई त्यांच्यामागे उभे राहिले. तेव्हा मुंबई इलाख्याच्या उत्तर विभागाचा कमिशनर म्हणून समोर उभा होता तो हाच प्रॅट. सारा भरा, नाहीतर जमिनी जप्त होतील, ही तंबी देणारा. त्याच्या अंगात त्याच आईचं रक्त होतं, तोच नगरचा धागा होता. मग तोही आपला का? कार्लॉफ पाहिजे आणि कमिशनर नको, असं ज्याला म्हणायचं आहे, त्याने हे कबूल केलंय की निवड रक्तावरून होतच नाही. ती माणसाने काय केलं यावरून होते.

याहून मोठा धडा अमेरिकेतलाच आहे, आणि ज्या वर्षांत हा नट लॉस एंजेलिसमध्ये पोटासाठी वणवण करत होता त्याच वर्षांतला आहे. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेला. नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' माणसाला, असा कायदा. थिंडच्या वकिलांनी युक्तिवाद केला की आमचा अशील उच्च जातीचा, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, म्हणून तो गोराच. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तुमचं वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्या निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेण्यात आली. नागरिकत्व गेलेल्या वैष्णो दास बगाई या व्यापाऱ्याने १९२८मध्ये आत्महत्या केली. रक्ताच्या शुद्धतेवर दावा बांधला की काय होतं, ते यात लख्ख दिसतं. तो दावा करणाऱ्याने स्वतःच्या जातीची उतरंड बरोबर नेली होती, आणि समोरच्याकडे त्याहून मोठी उतरंड तयार होती. आज शंभर वर्षांनी आपण एका नटाच्या अंगातले रक्ताचे थेंब मोजतो, तेव्हा त्याच न्यायालयात उभे असतो. 'एक अष्टमांश भारतीय' असले हिशोब कंपनी सरकारच्या दप्तरांत शोभत होते.

आता त्या चेहऱ्याचं काय झालं ते पाहू.

इंग्लंडात त्याच्यासाठी वाट ठरलेली होती. शिक्षण पुरं करायचं आणि भावासारखं परराष्ट्र सेवेत शिरायचं. थोरला भाऊ सर जॉन प्रॅट चीनमध्ये वकिलातीच्या सेवेत नावाजला गेला. धाकट्याला नाटकाचं वेड. जीभ किंचित अडखळे, 'स'चा उच्चार बोबडा, पाय फेंगडे. १९०९मध्ये तो कॅनडाला निघून गेला. तिथे शेतमजुरी केली, मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं, आणि १९११च्या सुमारास गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत शिरला. कार्लॉफ हे नाव त्या वाटेवरचं. वंश लपवायला घेतलं, असं आज ठामपणे लिहिलं जातं. असेलही. पण सरकारी चाकरीतल्या खानदानी घराला नाटक्या मुलाची लाज वाटत होती, हेही तितकंच खरं. नाव बदलण्यामागे माणसाची अनेक कारणं असू शकतात. त्यातलं आपल्या सोयीचं एक उचलून बाकीची फेकून देणं हा इतिहास नव्हे.

१९१९च्या आसपास तो हॉलिवूडच्या गर्दीत एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला आणि पुढची बारा वर्षं तिथेच, पडद्याच्या कडेला, घालवली. त्या काळातल्या भूमिकांची यादी वाचताना मला गलबलून येतं. १९२१मध्ये एका चित्रपटात अहमद खान. १९२२मध्ये एकात नवाब, दुसऱ्यात 'महाराजा जहान धारवाड'. आपल्या धारवाडचं नाव कुठल्यातरी लेखकाने नकाशावरून उचललं आणि त्याच्या गळ्यात अडकवलं. अरब शेख, इमाम, कॅनडातला फ्रेंच दरोडेखोर, रेड इंडियन. गव्हाळ कातडी, खोल डोळे, उंच गालफडं. स्टुडिओला तो कुठला आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं; 'इथला नाही' एवढं दिसलं की पुरे. गंमत नव्हे, दुःख याचं आहे की त्याच वर्षांत इथे उलटा फेरा चालू होता. रेनी स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी १९२५मध्ये 'सीता देवी' होऊन बुद्धाची पत्नी साकारत होती. एकाच मिश्र समाजातली दोन माणसं, एक तिकडे रशियन नाव घेऊन हिंदी महाराजा बनतो, दुसरी इकडे हिंदू नाव घेऊन राजकन्या होते. दोघांनाही आपल्या खऱ्या नावाने उभं राहायला जागा कुठेच नव्हती. 'पहिला भारतीय तारा' हा किताब या माणसांना देऊन ती जागा मिळते का?

कामं मिळेनाशी झाली की कार्लॉफ मालमोटार चालवायचा, सिमेंटसारख्या मालाची जड पोती उचलायचा. पाठीचं दुखणं तिथून सुरू झालं. १९३०मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर एका तुरुंगनाटकात त्याने खुनी कैद्याचं काम केलं, हॉवर्ड हॉक्सने १९३१मध्ये त्याच्या चित्रपटरूपात तेच काम त्याला दिलं, आणि मग युनिव्हर्सल स्टुडिओच्या उपाहारगृहात जेम्स व्हेल या इंग्लंडमधल्या डडलीच्या, खाणकामगारांच्या गावातून आलेल्या दिग्दर्शकाची नजर त्या चेहऱ्यावर पडली. तेव्हा त्याचं वय ४३ होतं आणि नावावर ऐंशीच्या आसपास चित्रपट जमा होते. 'रातोरात प्रसिद्ध झालेला नट' असं त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी ही बारा वर्षं पाहिलेली नसतात.

इथे तिसरी एक बाजू उभी राहते, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. ती म्हणते, राक्षसात नटाचं काय? सगळी करामत जॅक पिअर्सच्या रंगभूषेची. पिअर्सची थोरवी मी कमी करणार नाही. रोज सुमारे चार तास तो कापूस आणि कलोडियन या कातडीवर घट्ट वाळणाऱ्या द्रावणाचे थर चढवत बसे. पण मग एक सांगा. तीच रंगभूषा, त्याच पिअर्सच्या हाताने, १९४२मध्ये लॉन चेनी ज्युनिअरच्या, १९४३मध्ये बेला लुगोसीच्या आणि त्यानंतर ग्लेन स्ट्रेंजच्या चेहऱ्यावर चढली. तिघेही मेहनती नट. त्यांच्यापैकी एकाचा तरी राक्षस पाहून डोळ्यांत पाणी येतं का? कार्लॉफने आपल्या तोंडातली दातांची कवळी काढून गाल एका बाजूने खोल करून घेतला. पापण्यांवर मेण चढवायला लावलं, कारण डोळे फार समजूतदार दिसत होते. पण खरी गोष्ट हातांची आहे. छताची झडप उघडते, त्या जिवाला आयुष्यात पहिल्यांदा ऊन दिसतं, आणि तो ते पकडायला दोन्ही हात वर करतो. झडप बंद होते. हात तसेच राहतात, मग हळूच पालथे-उताणे होत ते आपल्या निर्मात्याकडे वळतात, मागणी करतात. एक शब्द नाही. चेहरा तर जवळजवळ गोठलेला. बारा वर्षं पडद्याच्या कोपऱ्यात शब्दाविना उभं राहिलेल्या माणसाला हातांनी काय काय बोलता येतं, हे त्या अर्ध्या मिनिटात दिसतं. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह छापलेलं होतं. जाहिरातीची क्लृप्ती म्हणून ते छापलं, पण तोपर्यंतच्या त्याच्या आयुष्याचं तेच खरं नाव होतं.

मग चिनी सोंगाचा आरोप. तो खोटा नाही, आणि त्याची धार मी बोथट करू पाहत नाही. १९३२मध्ये एमजीएमच्या चित्रपटात त्याने फू मान्चूचं काम केलं. गोऱ्यांचा नायनाट करायला निघालेला क्रूर चिनी, पडद्यावर आजवर आलेल्या सर्वांत विषारी प्रतिमांपैकी एक. वॉशिंग्टनमधल्या चीनच्या वकिलातीने निषेध नोंदवला, तो रास्तच होता. पुढे १९३८ ते १९४० या काळात मोनोग्रॅम कंपनीसाठी त्याने पाच चित्रपटांत मिस्टर वाँग हा चिनी गुप्तहेर रंगवला. शांत, सुसंस्कृत, हुशार पात्र, पण त्या पाचही वेळा तेही चिनी नटाला मिळालं नाही. ॲना मे वाँगसारखी चिनी वंशाची अस्सल गुणवान अभिनेत्री हयात असताना चिनी शेतकरीण म्हणून गोऱ्या लुइझ रेनरला उभं केलं गेलं आणि १९३७च्या त्या कामाला ऑस्करही मिळालं, तो हा काळ. ज्यांच्या तोंडचा घास गेला त्यांना 'पण कार्लॉफ स्वतः मिश्र वंशाचा होता' हे सांगून काहीही भरून येत नाही. नगरच्या पणजीमुळे फू मान्चू माफ होत नाही, हे 'आपला' म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं.

पण आरोप करणाऱ्यांनीही एक पायरी पुढे यावं. अशा भूमिका कोण वाटत होतं? एका आठवड्यात अरब, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात चिनी, अशी माणसं लागणारा आणि त्यांच्याकडून नकाराची ताकद काढून घेणारा एक कारखाना होता. पोटासाठी पोती वाहणारा नट त्या कारखान्याचा मालक नव्हता. १९३२नंतर त्याला नकार देता आला असता, हे खरं. तो त्याने दिला नाही, हा त्याच्या खात्यावरचा डाग आहे आणि तो तसाच राहू दे. मात्र त्या कारखान्याशी लढण्याची वेळ आली तेव्हा तो कुठे होता, हेही त्याच खात्यात लिहावं लागेल.

कारण तो पहिल्या रांगेत होता. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या चित्रीकरणात जवळजवळ पंचवीस तासांची एक पाळी त्याने त्या पोशाखात काढली होती. प्रत्येक बूट सुमारे सहा किलोचा. शेवटच्या प्रसंगासाठी राक्षसाच्या निर्मात्याचं काम करणाऱ्या कॉलिन क्लाइव्हला खांद्यावर टाकून पवनचक्कीकडची चढण पुन्हा पुन्हा चढायला व्हेलने लावलं, आणि आधीच दुखावलेली पाठ कायमची गेली. पुढे शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. मार्च १९३३मध्ये बँका बंद पडल्या तेव्हा स्टुडिओंनी पगार अर्धे कापले. त्याच वर्षी जूनअखेर स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना उभी राहिली. कार्लॉफ तिच्या संस्थापकांपैकी, सभासद क्रमांक ९. त्या घडीला तो युनिव्हर्सलच्या जाहिरातींत नुसत्या आडनावाने झळकणारा नट होता, गमावण्यासारखं त्याच्याकडे भरपूर होतं. संघटनेत जाणाऱ्या नटाचं नाव काळ्या यादीत जाईल ही भीती खरी होती. म्हणून सुरुवातीच्या बैठका गुपचूप घरांतून होत. निर्मात्यांनी गिल्डला मान्यता दिली ती १९३७च्या मे महिन्यात, चार वर्षांनी. कामाच्या तासांना मर्यादा आणि रोजंदारीवरच्या नटाला किमान मोबदला यांचा पाया तिथे घातला गेला. त्याचा लाभ आता कार्लॉफला फारसा नव्हता. तो होता दहा वर्षांपूर्वीच्या कार्लॉफला, गर्दीत उभ्या असलेल्या कुठल्यातरी अहमद खानाला. ज्याला आपल्यासारख्या अनोळखी माणसांसाठी असं उभं राहता येतं, त्याच्याशी नातं जोडायला रक्ताचा पुरावा कशाला लागतो?

मला कुणी विचारलं, मराठी माणसाने कार्लॉफ कशासाठी आठवावा, तर मी नगरचं नाव जरूर घेईन, पण ॲनाच्या गोष्टीसाठी घेईन. एका सार्जंटच्या मुलीला आपलं जन्मगाव आयुष्यभर का पुसावं लागलं, हे सांगण्यासाठी. आणि मग सिनेमाच सुरू करीन. १९३१चा तो चित्रपट, त्यातलं तळ्याकाठचं दृश्य. छोटी मुलगी त्याला न भिता जवळ बसवते, दोघं मिळून पाण्यात फुलं टाकतात, ती तरंगतात. त्याला वाटतं, हीसुद्धा तरंगेल. सेन्सॉरने तो शेवटचा तुकडा कितीतरी दशकं कापून ठेवला होता, त्यामुळे प्रेक्षकांना मुलगी आणि पुढे केलेले हात एवढंच दिसे, आणि पुढचं ते आपल्या मनानेच भयंकर करून घेत. कापलेला तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला. आता दिसतं ते असं: ती बुडते, आणि तो काठावरून पाण्याकडे झुकून रिकाम्या हातांनी तिला शोधू पाहतो, मग काही न कळून झाडीत धडपडत निघून जातो.